गळाचा दोर कसा निवडावा

शेतकीच्या मासिकात गळाच्या दोराविषयी लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेच्या कडेला शेततळे असणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे, आणि २०१६ साली सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केल्यापासून त्यांत भरच पडली. पाणी साठले की त्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडावी असे वाटणे साहजिक आहे. मासे वाढले की घरच्या पोरासोरांनी, आणि आमच्यासारख्या निवृत्त माणसांनीही, गळ घेऊन काठावर बसावे हेही ओघानेच आले. त्या वेळी काठी, गळ व आमिष यांची चौकशी सगळे करतात. दोर मात्र दुकानदार देईल तो घेतात. आम्हीही तसेच केले होते, आणि त्याची किंमत दुसऱ्यास भरावी लागली.

गोष्ट अशी. सरकारी दप्तरातून मोकळे झाल्यावर आमच्या भाच्याच्या निफाड तालुक्यातील शेततळ्यावर आम्ही गळ टाकून बसू लागलो. दोन-तीन मासे दोर तोडून गेले, म्हणून बाजारात जाऊन "हा दोर तुटणारच नाही" असे म्हणून दाखविलेला जाड दोर आम्ही घेऊन आलो. दुकानदार खोटे बोलला नव्हता. फाल्गुनातल्या एका सकाळी गळ तळ्याच्या बाजूच्या उतारावर, पाण्याखाली, प्लॅस्टिकच्या कागदात अडकला. आम्ही ओढला, दोर तुटला नाही, काठी मोडली नाही, कागद मात्र वीतभर फाटला. पाणी त्या फाटीपर्यंत हळूहळू मातीत मुरून गेले. पुढे खरड छाटणीनंतर बागेस पाणी हवे तेव्हा टँकर आणावे लागले. भाचा आम्हांस उलट शब्द बोलला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, दोर तुटला असता तर बरं झालं असतं."

या वाक्यात दोराचे सारे शास्त्र आले आहे असे आम्हांस पुढे कळले. दोर अडकला तर कोठे तरी काही तरी तुटणारच. ते काय असावे व कोठे तुटावे हे आधी ठरविणे म्हणजेच दोर निवडणे होय.

प्रथम दोराच्या जाती पाहू. जुन्या काळी ताग, अंबाडी व कापूस यांच्या सुताचे दोर असत. परदेशांत घोड्याचे केस व रेशीमही वापरीत. असे दोर वापरानंतर वाळविले नाहीत तर कुजत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले आणि हळूहळू हे सर्व मागे पडले. आज बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात.

पहिली जात नायलॉनच्या एकेरी तंतूची. आपल्याकडे तिलाच तंगूस म्हणतात. तंगूस स्वस्त असतो, त्यास गाठ चांगली बसते, आणि तो ताणला असता बराच लांबतो. हे लांबणे दोष नसून गुण आहे. माशाचा हिसका दोर स्वतः सोसतो, काठीवर व माशाच्या तोंडावर त्याचा सगळा भार येत नाही. फिरकीवाचून नुसती वेळूची काठी वापरणाऱ्याने तंगूसच घ्यावा.

दुसरी जात विणीच्या दोराची. अत्यंत बळकट अशा पॉलिएथिलीनचे बारीक तंतू वेणीसारखे विणून तो करितात. तेवढ्याच जाडीच्या तंगुसाहून तो कितीतरी पटीने अधिक ओढ सहन करितो व जवळजवळ लांबत नाही. म्हणून मासा आमिषास नुसता शिवला तरी हातास कळते. परंतु तो पाण्यात ठळक दिसतो, आणि हाताला गुंडाळून ओढल्यास बोट कापतो. आम्ही आणलेला दोर याच जातीचा होता.

तिसरी जात फ्लुओरोकार्बनची. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना जितका वाकतो तितका तो पदार्थ डोळ्यांस वेगळा दिसतो. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा सुमारे १.४२, तर नायलॉनचा सुमारे १.५३ किंवा अधिक. म्हणजे तिन्हींत फ्लुओरोकार्बन पाण्याशी सर्वांत मिळता. स्वच्छ पाण्यात तो कमी दिसतो. तो जडही असतो. पाण्याच्या पावणेदोन पटींहून थोडा अधिक, म्हणून लवकर बुडतो. नायलॉन पाण्याहून किंचितच जड आहे आणि विणीचा दोर पाण्यावर तरंगतो. फ्लुओरोकार्बन महाग असल्याने सगळी फिरकी त्याने भरण्याचे कारण नाही. गळाजवळचा हात-दोन हातांचा तुकडा त्याचा असला म्हणजे पुरे.

आता वेष्टनावरील आकडे. सातबारा वाचताना आकडा एकराचा की हेक्टराचा हे न पाहता बोलणारा मनुष्य आम्ही नोकरीत पुष्कळ वेळा पाहिला. दोराच्या बाबतीत तोच घोटाळा पौंड व किलो यांचा होतो. १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो. १० किलो नव्हे. शिवाय ही ओढ कोऱ्या, सरळ दोराची असते. तोच तंगूस पाण्यात भिजला की थोडा नरम पडतो. आणि त्यास साधी गाठ पडली तर त्या ठिकाणी बळ निम्म्यापर्यंतही उतरते.

याहून भरवशाचा आकडा जाडीचा. एकाच जातीच्या दोरांत बळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.२० मिलिमीटरचा दोर सोडून ०.४० चा घेतला तर जाडी दुप्पट, पण बळ सुमारे चौपट होते. आमचे प्रमाण असे. चिलापीसारख्या लहान माशास ०.२० मिलिमीटरचा तंगूस पुरतो. शेततळ्यातील किलो-दीड किलोच्या रोहू-मृगळास ०.२५ ते ०.३० चा घ्यावा. याहून मोठ्या कटल्यास ०.३५ चा लागतो.

परदेशी पुस्तकांत दोराविषयी जे पुष्कळसे लिहिलेले असते ते अमेरिकेतील बास नावाच्या माशास उद्देशून असते. तो आपल्या नद्यांत नाही. परंतु त्याच्याप्रमाणेच गवतात दबा धरून बसणारा व बेडकावर झडप घालणारा आपला मरळ आहे. गोदावरीच्या खाचरांत, जुन्या मातीच्या तळ्यांत तो सापडतो. तो गळाला लागला की थेट पाणवनस्पतींत शिरतो व दोर तेथे गुंडाळतो. येथे मात्र विणीचा दोर कामास येतो, कारण मासा ताबडतोब बाहेर ओढावा लागतो. परंतु पावसाळ्यात मरळाची जोडी पिलांच्या थव्याची राखण करीत असते. त्या वेळी आमिष दिसताच ती चवताळून येते. असा मासा सहज लागतो, पण तो धरला की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. म्हणून तेव्हा त्यास सोडून द्यावे.

कागद घातलेल्या शेततळ्यासाठी आमची रीत आता अशी आहे. काठीवरील मुख्य दोर ०.३५ चा, आणि गळाजवळचा हात-दीड हाताचा तुकडा ०.२५ चा ठेवतो. ३५ चा वर्ग १२२५ व २५ चा ६२५. म्हणजे तुकड्याचे बळ मुख्य दोराच्या निम्म्याजवळ येते. गळ अडकला तर तुकडा तुटतो, कागद वाचतो, आणि मुख्य दोर सगळा हाती परत येतो. विणीचा दोर येथे मुळीच वापरत नाही. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो. दोरास बूच बांधून गळ तळापासून हातभर वर राहील असे करितो. तळ किती खोल आहे हे आधी गळ न लावता, चिंधीत बांधलेले वजन सोडून मोजून घेतो. अडकलाच तर काठीने हिसका न देता दोर सैल सोडून दुसऱ्या बाजूने हलकेच सोडवितो.

गाठ अशी मारावी. दोराचे टोक गळाच्या डोळ्यातून ओवून ते मुख्य दोराभोवती पाच वेढे द्यावे. मग टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढून, थुंकीने ओले करून सावकाश आवळावे. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते व तंगूस तेथेच कमजोर होतो.

दोर राखण्याचेही पाहावे. उन्हाने नायलॉन ठिसूळ होते, म्हणून दोर काठीसह उघड्यावर टांगून ठेवू नये. ठिबकच्या नळ्या धुण्याचे आम्ल जेथे ठेविले असते त्या खोलीतही तो नसावा. आम्लाने नायलॉन खाल्ले जाते. दोर नखांतून ओढून पाहावा. खरखर लागेल किंवा रंग दुधाळ दिसेल तेवढा कापून टाकावा. विजेच्या तारेखाली तर गळ कधीच फिरवू नये.

कापलेला दोर मात्र काठावर टाकू नये. सूत कुजत असे. तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. त्याची गुंतवळ बगळ्याच्या पायांत अडकते, चाऱ्याबरोबर गुरांच्या पोटात जाते. आपल्याच निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे. २०२० मध्ये रामसर यादीत जाहीर झालेले महाराष्ट्रातील ते पहिले पाणस्थळ. हिवाळ्यात तेथे उतरणारे पक्षी भोवतालच्या शेततळ्यांवरही येतात. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नये. धरणाच्या जलाशयावर ज्या मच्छीमार संस्थेचा ठेका असेल तिची परवानगी आधी घ्यावी. आणि टाकाऊ दोराचे बोटाएवढे तुकडे करून ते घरच्या कचऱ्यात घालावे.

त्या शेततळ्याच्या कागदावर ठिगळ बसविले आहे. पाणी उतरले की ते उघडे पडते व आमच्या दृष्टीस येते. भाच्याने आम्हांस गळ टाकण्यास मनाई केलेली नाही. मात्र आम्ही काठावर बसलो की तो येतो, गळाजवळचा तुकडा दोन बोटांत धरून पाहतो, आणि काही न बोलता बागेत निघून जातो.