घटक तेच, टाकायची वेळ वेगळी: इटलीतल्या एका छोट्या ब्रुअरीची गोष्ट



कार्यशाळेत एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमचं लोणचं आजीच्या हातचं, पारंपरिक. बदल केला तर जुनी गिऱ्हाईकं नाराज होतात. नाही केला, तर बाजारातल्या पन्नास बरण्यांत आमची बरणी हरवून जाते. मग करायचं काय?" लोणच्याच्या जागी मसाला, चकली, साडी काहीही घाला, प्रश्न तोच राहतो.

याचं उत्तर मी आज एका बिअरच्या गोष्टीतून देणार आहे. दारू चांगली की वाईट हा आपला विषय नाही. तुम्ही पीत नसाल तरी वाचा, कारण गोष्ट धंद्याची आहे.

आधी मूळ माल समजून घ्या

चेक देशात प्लझेन नावाचं शहर आहे. १८३८ साली तिथल्या लोकांनी खराब झालेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. इतकी वाईट बिअर मिळत होती! मग नागरिकांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने तिथली पहिली बिअर बनवायला घेतली. फिकट माल्ट, तिथलं मऊ पाणी आणि जवळच्या झाटेक भागातले सुगंधी हॉप यांतून सोनेरी, स्वच्छ लागर तयार झाली. शहराच्या नावावरून तिला पिल्सनर म्हणू लागले. पुढे जर्मनांनी आपली पिल्सनर काढली, जास्त कोरडी आणि जास्त कडसर.

थोडक्यात, हा माल दीडशे वर्षांत ठरून गेलेला. त्यात नवीन काय करणार?

आरिओलींनी काय केलं?

१९९६ साली उत्तर इटलीत, कोमो प्रांतातल्या लुरागो मारिनोने या लहानशा गावात आगोस्तिनो आरिओली यांनी 'बिर्रिफिचो इतालियानो' ही ब्रुअरी सुरू केली. देश वाइनचा. बिअरमध्ये मोठ्या कंपन्यांचा जोर. त्यात हे छोटं दुकान.

त्यांना जर्मन पिल्सनर आवडायची, तीच बनवायला घेतली. फक्त एक गोष्ट वेगळी केली. हॉप ही बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. ती उकळताना टाकतात. उकळलं की कडवटपणा उतरतो, पण बराचसा सुवास वाफेबरोबर जातो. इंग्लंडमधल्या पारंपरिक एलमध्ये मात्र थोडे हॉप नंतर थंड बिअरमध्येही टाकायची पद्धत आहे. त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. आरिओलींनी ही इंग्रजी युक्ती जर्मन पद्धतीच्या लागरला लावली.

आपल्या स्वयंपाकघरात बघा. कोथिंबीर आमटीबरोबर उकळली तर एक चव, आणि गॅस बंद करून वरून भुरभुरली तर वेगळाच घमघमाट. कोथिंबीर तीच, पण वेळ बदलली.

हे नीट लक्षात घ्या. त्यांनी संत्र्याची साल किंवा कॉफी असलं काही घातलं नाही. माल्ट, पाणी, हॉप, यीस्ट, सगळं जुनंच. म्हणून जुन्या पिल्सनरवाल्याला ती परकी वाटली नाही, आणि नवीन माणसाला ताजी वाटली.

नाव ठेवलं 'तिपोपिल्स'. म्हणजे 'पिल्सच्या प्रकारची'. आम्ही अस्सल प्लझेनचे, असा खोटा दावा नाही. ओळखही राहिली आणि फरकही सांगून झाला.

याची किंमत काय?

आता हिशोब. 'लागर' शब्दाच्या मुळाशी जर्मन भाषेतला 'साठवून ठेवणे' हा अर्थ आहे. ही बिअर थंडीत मुरावी लागते. एल साधारण दोन-तीन आठवड्यांत विकायला काढता येते, लागरला पाच-सहा आठवडे सहज लागतात.

उदाहरण म्हणून धरा, तुमच्याकडे १,००० लिटरच्या ४ टाक्या आहेत. दोन आठवड्यांचा माल असेल तर एका टाकीच्या वर्षाला २६ फेऱ्या, म्हणजे एकूण १,०४,००० लिटर. सहा आठवड्यांचा असेल तर जेमतेम ८ फेऱ्या, म्हणजे ३२,००० लिटर. भाडं तेच, हप्ता तोच, माल तिसऱ्या हिश्श्याहून कमी! शिवाय तिपोपिल्स गाळलेली नाही आणि पाश्चराइज केलेली नाही. ती थंड ठेवायची आणि लवकर संपवायची.

म्हणून "वेगळेपण आणा" असा सल्ला ऐकताना विचारा: माझं भांडवल किती दिवस अडकणार? आणि तेवढे दिवस भरून निघतील असा भाव गिऱ्हाईक देईल का? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर आधी एकाच टाकीवर, एकाच बरणीवर करून बघा.

मग पुढे काय झालं?

कॅलिफोर्नियातल्या पासो रोब्लेस इथे फायरस्टोन वॉकर नावाची ब्रुअरी आहे. तीही १९९६ चीच. तिथले मुख्य ब्रुअर मॅट ब्रिनिल्डसन यांनी तिपोपिल्स चाखली, आणि तिच्यावरून त्यांनी 'पिवो पिल्स' काढली. पिवो म्हणजे चेक भाषेत बिअर. प्रेरणा कुठून आली हे त्यांनी लपवलं नाही, उघडपणे सांगितलं. २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षं ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये तिला सुवर्णपदक मिळालं, तेही जर्मन पिल्सनरच्या गटात. आज अमेरिकेतल्या बिअर-शैलींच्या यादीत 'इटालियन पिल्सनर' ही वेगळी नोंद आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपली कल्पना दुसऱ्याने उचलली तर नुकसानच की! इथे उलट झालं. एका गावातल्या मालाचा प्रकार झाला, आणि जो कोणी तो प्रकार शोधतो त्याला पहिलं नाव आरिओलींचंच सापडतं. अर्थात, नक्कल करणारा श्रेय देईलच याची खात्री नसते. म्हणून आपलं नाव, तारीख आणि कृती पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

आजचा गृहपाठ

वही काढा. तुमच्या मालाचे सगळे घटक एका रांगेत लिहा. त्यांना हात लावायचा नाही. खाली कृतीच्या पायऱ्या लिहा: कधी भाजता, कधी मिसळता, किती दिवस मुरवता. आता फक्त एका पायरीची वेळ बदला. पाव किलोचा एक घाणा काढा आणि पाच जुन्या गिऱ्हाइकांना न सांगता चाखवा. "हे आपलंच आहे, पण आज काहीतरी छान लागतंय," असं त्यांच्यापैकी तिघं म्हणाले, तर तुमचं वेगळेपण सापडलं. "हे आपलं नाही" म्हणाले, तर पाव किलोच गेला.

पुढच्या व्हिडिओत याच मालाचा भाव कसा ठरवायचा ते बघू. तोवर वही भरून ठेवा!