मालकी, ताबा आणि वहिवाट : कार्यालयीन जाळ्यातील प्रवेशाचा विचार

पवना नदीच्या एका तीरावर पिंपरीचे कारखाने व बाजारपेठ, तर दुसऱ्या तीरावर काळेवाडी, असे या परिसराचे स्थूल चित्र आहे. एकेकाळच्या शेतजमिनीवर आता दाट वस्ती झाली असून, तेथील रहिवासी भोसरी व चाकणच्या औद्योगिक वसाहतींत किंवा हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीत कामाला जातात. कारखान्याची सुरक्षितता या मंडळींच्या परिचयाची असते. फाटक, रखवालदार, बिल्ला आणि बाहेर जाणाऱ्या मालाची पावती ही तिची अंगे होत. जो फाटकाच्या आत आला तो आपला, बाहेर राहिला तो परका, हे तिचे मूळ गृहीतकृत्य होय.

मार्च २०२० मध्ये हे गृहीतकृत्य एकाएकी निरुपयोगी ठरले. ९ मार्च रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण पुण्यात आढळले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तत्पूर्वी, १३ मार्च रोजी, केंद्राच्या दूरसंचार विभागाने ग्राहक-सेवा केंद्रे व तत्सम सेवा चालविणाऱ्या संस्थांना घरून काम करवून घेण्यासंबंधीच्या अटी शिथिल केल्या. अनामत रकमेची अट त्यांपैकीच एक. पुढे ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही मोकळीक कायम केली. परिणामी कार्यालयाचे फाटक जणू काळेवाडीच्या दोन खोल्यांच्या घरापर्यंत येऊन पोहोचले. जेथे कंपनीचा लॅपटॉप वेळेवर मिळाला नाही, तेथे घरच्या संगणकावर काम चालले. टाळेबंदी उठली, तरी एकाच टेबलावर कंपनीचे व घरचे अशी दोन्ही उपकरणे राहिली ती राहिलीच.

या दोन उपकरणांना कंपनीच्या जाळ्यात प्रवेश कोणत्या अटींवर द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो वरवर यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे निम्मे कोडे शब्दांच्या अर्थाचे आहे. ‘उपकरण कोणाचे?’ या एका प्रश्नात तीन भिन्न प्रश्न दडलेले असतात आणि जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या मराठीने ते पूर्वीच वेगळे केले आहेत. मालकी म्हणजे वस्तूवरील हक्क. ताबा म्हणजे ती प्रत्यक्ष हाती असणे. आणि वहिवाट म्हणजे रूढ वापर. दुसऱ्याच्या शेतातून जाण्यायेण्याची वहिवाट असणाऱ्याला त्या शेतातील पीक कापण्याचा अधिकार मिळत नाही, हे खेड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

हाच विवेक येथे लावून पाहावा. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपची मालकी कंपनीची व ताबा कर्मचाऱ्याचा असतो. खाजगी मोबाईलची मालकी व ताबा दोन्ही कर्मचाऱ्याकडे असतात. मात्र त्यावर येणारी पत्रे, आराखडे आणि दरपत्रके कंपनीची असतात. म्हणजे पहिल्या प्रकारात कंपनीची वस्तू दुसऱ्याच्या घरात नांदते, तर दुसऱ्या प्रकारात कंपनीची माहिती दुसऱ्याच्या वस्तूत नांदते. या दोन स्थितींना एकच नियम लावला, की एकीकडे चोरीला वाट मिळते, नाहीतर दुसरीकडे घरात नको इतके डोकावणे होते.

‘आत आला तो आपला’ या समजुतीची किंमत २७ जून २०१७ रोजी दिसून आली. युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला. एका यंत्रात शिरल्यावर तो तेथील परवल्या उचलून शेजारच्या यंत्रांत जाई. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे त्याने निकामी केले आणि त्याचा फटका न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही बसला. सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. भिंत भक्कम असूनही आतील दालनांना दारे नसली की काय होते, याचा हा धडा होय.

यावर उपाय म्हणून जो विचार पुढे आला, त्याचे सूत्र असे की, स्थानावरून विश्वास ठरवू नये. प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे तपासावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली. व्यवहारात त्याचा एक जुना आधार म्हणजे २००१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘८०२.१ एक्स’ हे मानक. त्यात तीन पक्ष असतात. प्रवेश मागणारे उपकरण हा पहिला. त्याला दारात थांबविणारा स्विच किंवा वाय-फाय केंद्र हा दुसरा. आणि निर्णय देणारा सर्व्हर हा तिसरा. निर्णय होईपर्यंत दारातील यंत्र ओळख पटविण्यापुरतेच संभाषण पलीकडे जाऊ देते, अन्य काही नाही. देवडीवरचा रखवालदार पाहुण्याला बसवून ठेवतो आणि आत विचारून येतो, तसाच हा प्रकार होय. शिवाय ‘सोडा’ किंवा ‘सोडू नका’ एवढेच उत्तर येते असे नाही. ‘सोडा, पण अमुक दालनापर्यंतच’ असेही उत्तर येऊ शकते.

ओळख कशाने पटवावी, हा पुढचा प्रश्न. परवली, म्हणजे पासवर्ड, हे केवळ एक सांगणे आहे. ज्याला ते ठाऊक झाले तो ते सांगू शकतो. उपकरणाचा जाळे-क्रमांक नोंदवून ठेवण्याची प्रथाही आता लंगडी पडली आहे, कारण तो क्रमांक बनावट करता येतो; आणि अँड्रॉइडच्या दहाव्या व आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीपासून मोबाईल आपला खरा क्रमांक न देता तात्पुरता क्रमांक पुढे करतात. प्रमाणपत्राची गोष्ट निराळी. त्याची गुप्त किल्ली उपकरणातील सुरक्षित चिपमध्ये ठेवली असता ती सहसा बाहेर काढता येत नाही. म्हणून बोलणारे उपकरण तेच आहे, याची खात्री बऱ्याच अंशी देता येते. मात्र उपकरण ओळखले म्हणजे माणूस ओळखला असे होत नाही. चोरलेला लॅपटॉपही आपले प्रमाणपत्र बिनचूक सादर करतो. यास्तव उपकरणाची ओळख व माणसाची ओळख या दोन्ही स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

यानंतर प्रश्न येतो तो उपकरणाच्या प्रकृतीचा. कार्यप्रणाली अद्ययावत आहे काय, साठवण कूटबद्ध आहे काय, पडद्याला कुलूप आहे काय, या गोष्टी कंपनीच्या लॅपटॉपवर आतून पाहता येतात, कारण पाहणीचा अधिकार मालकीतूनच येतो. तो हरवला तर संपूर्ण पुसून टाकण्यातही काही गैर नाही. खाजगी मोबाईलवर मात्र मुलांची छायाचित्रे, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि घरचे बोलणे असते. तेथे तीच मुभा घेणे म्हणजे वहिवाटीच्या वाटेवरून जाता जाता विहिरीवर हक्क सांगणे होय. म्हणूनच अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून कामाचा कप्पा वेगळा ठेवण्याची सोय आहे, आणि आयफोनमध्येही २०१९ पासून तशी विभागणी करता येते. कंपनीने पुसायचे ते त्या कप्प्यातलेच. बाकीचा मोबाईल जसाच्या तसा राहतो.

या सर्वांतून एक नियम निष्पन्न होतो : जेवढी पाहणी, तेवढा प्रवेश. ज्या उपकरणात कंपनीला खोलवर पाहता येते, त्याला आराखड्यांच्या भांडारापर्यंत जाऊ देण्यास हरकत नसावी. ज्यात फक्त कामाचा कप्पा दिसतो, त्याला पत्रव्यवहार व हजेरी एवढेच द्यावे. ज्यात काहीच दिसत नाही, उदाहरणार्थ यंत्रदुरुस्तीसाठी आलेल्या बाहेरच्या कारागिराचा लॅपटॉप, त्याला इंटरनेट, आणि अगदी गरज असल्यास देखरेखीखाली त्या एका यंत्रापुरती वाट. या नियमाचे महत्त्व असे की तो दोन्ही पक्षांना बांधतो. अधिक प्रवेश हवा असेल तर कर्मचाऱ्याने अधिक पाहणी मान्य करावी. आणि अधिक पाहणी हवी असेल तर कंपनीने स्वतःचे उपकरण विकत घेऊन द्यावे. पाहणी मोबाईलधारकाच्या माथी मारून उपकरणाचा खर्च वाचविणे या नियमात बसत नाही.

कायद्याची दिशाही याला पोषकच आहे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार निर्दिष्ट सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कोण, कोणत्या उपकरणावरून, केव्हा आत आला याची नोंद नसेल तर हे पाळणे दुर्घट. उलटपक्षी, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती हाताळण्याची मुभा दिली असली, तरी ती त्या प्रयोजनापुरतीच आहे. छायाचित्रांचा संग्रह चाळणे हे त्या प्रयोजनात कसे मोडते, हे दाखविणे कोणत्याही कंपनीला कठीण जाईल.

नोकरी सुटण्याच्या दिवशी या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. त्या सायंकाळी लॅपटॉप परत जातो, त्याचे प्रमाणपत्र रद्द होते, मोबाईलमधील कामाचा कप्पा पुसला जातो आणि त्या व्यक्तीच्या नावावरील सर्व वाटा बंद होतात. काळेवाडीच्या घरातील टेबलावर उरतो तो ज्याचा त्याचा मोबाईल, त्यातील छायाचित्रांसह. कंपनीचे काही मागे राहिले नाही आणि घरचे काही गेले नाही, असे दोघांनाही म्हणता आले, तर मालकी, ताबा व वहिवाट यांतील भेद यथार्थ पाळला गेला असे समजावे.