श्वसन म्हणजे उलटे प्रकाशसंश्लेषण नव्हे

शाळेच्या फळ्यावर दोन समीकरणे एकाखाली एक लिहिली जातात. वरच्या समीकरणात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून सूर्यप्रकाशात ग्लुकोज आणि ऑक्सिजन तयार होतात. खालच्यात ग्लुकोज आणि ऑक्सिजनपासून पुन्हा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा मिळते. बाण फिरवला की धडा संपला. झाडे एक करतात, प्राणी त्याच्या उलट करतात आणि दोघांचा मिळून हिशेब जुळतो, एवढे विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्के बसते. जमाखर्च म्हणून हे खरेही आहे. पृथ्वीवरच्या कार्बनचा आणि ऑक्सिजनचा ताळेबंद असाच जुळतो. पण पेशीच्या आत काय घडते, ते या फिरवलेल्या बाणाखाली झाकले जाते. ऊर्जा हाती लागण्याच्या मोक्याच्या टप्प्यावर प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन एकच युक्ती वापरतात, आणि ही युक्ती जीवसृष्टीत इतकी खोलवर रुजलेली आहे की दोन्ही क्रिया समजून घेण्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आधी बाणाचेच पाहू. पाठ्यपुस्तकातल्या आटोपशीर समीकरणात डावीकडे पाण्याचे सहा रेणू असतात आणि उजवीकडे ऑक्सिजनचे सहा रेणू, म्हणजे ऑक्सिजनचे बारा अणू. हे बारा अणू आले कुठून? १९४१ मध्ये सॅम रुबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला या शैवालाला जड ऑक्सिजन असलेले पाणी दिले, तेव्हा बाहेर पडलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला. झाड सोडते तो ऑक्सिजन पाण्याचा असतो, कार्बन डायऑक्साइडचा नव्हे. सहा पाण्यांत ऑक्सिजनचे सहाच अणू असतात, त्यामुळे प्रत्यक्षात बारा पाणी फुटते आणि वाटेत सहा नवे तयार होते. समीकरण सोपे करताना ही देवघेव खोडली जाते. श्वसनातही तसेच आहे. आपण आत घेतलेला ऑक्सिजन शेवटी पाण्यात जातो. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातून आणि पेशीतल्या पाण्यातून आलेला असतो.

हे नीट शिकवले गेले, तर समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या दोन समजुतींना जागाच उरणार नाही. रात्री झाडाखाली झोपू नये, ते विषारी वायू सोडते, ही पहिली. झाडाच्या जिवंत पेशी रात्री श्वसन करतात हे खरे, पण त्या दिवसाही श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने ते जाणवत नाही एवढेच. खोलीतल्या कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, ही दुसरी. ऑक्सिजन पाणी फोडून मिळतो आणि पाणी फोडायला उजेड लागतो. निवडुंग, अननस, घायपात यांसारख्या वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, तरी ऑक्सिजन त्यांनाही दिवसाच सोडता येतो.

आता मुख्य मुद्दा. पेशीतली बहुतेक कामे एटीपी नावाच्या रेणूवर चालतात. एडीपीला एक फॉस्फेट जोडले की एटीपी होते आणि ते तुटताना काम होते. माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी फार थोडे असते, पण ते सतत मोडून पुन्हा घडवले जात असल्याने दिवसाची उलाढाल जवळपास शरीराच्या वजनाइतकी भरते. अन्न जाळून मिळालेली ऊर्जा हे फॉस्फेट जोडायला नेमकी कशी वापरली जाते, हा विसाव्या शतकाच्या मध्याचा मोठा प्रश्न होता. १९५३ मध्ये एडवर्ड स्लेटर यांनी सुचवले की मध्ये एखादे ऊर्जेने भरलेले संयुग तयार होत असावे. रसायनशास्त्राच्या रीतीला हे धरूनच होते. अनेक नामांकित प्रयोगशाळांनी त्या संयुगाचा वर्षानुवर्षे शोध घेतला. ते सापडले नाही, कारण ते नव्हतेच.

१९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वेगळेच उत्तर मांडले. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात, तेव्हा सुटणारी ऊर्जा प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसरीकडे ढकलायला खर्च होते. तिकडे प्रोटॉन साचतात, इकडे त्यांची तूट पडते. साचलेले प्रोटॉन एका ठरावीक प्रथिनातून परत येतात आणि येता येता एटीपी घडवतात. कोयनेच्या भिंतीमागे पाणी अडवून ते जनित्रावर सोडावे, तशी ही योजना आहे. फरक असा की इथे दाब नुसत्या साठ्याचा नसतो. प्रोटॉनवर धन प्रभार असल्याने पटलाच्या दोन बाजूंमध्ये विजेचा दाबही तयार होतो. पेशीतल्या श्वसनाचे ठिकाण असलेल्या तंतुकणिकेत तो सुमारे १५० मिलिव्होल्ट असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी मीटरच्या एक अब्जांश भागाच्या जेमतेम पाच-सहा पट असते. त्या अंतरावर एवढा दाब म्हणजे मीटरमागे जवळपास तीन कोटी व्होल्ट. कोरड्या हवेतून ठिणगी उडायला लागतो त्याच्या सुमारे दहापट. आपल्या पेशींमधल्या तंतुकणिकांची पटले हा ताण सतत पेलत असतात.

मिचेल यांच्या कल्पनेवर सहजासहजी कोणी विश्वास ठेवला नाही. प्रकृती बिघडल्यामुळे त्यांनी एडिंबरा विद्यापीठ सोडले होते. कॉर्नवॉलमधला एक जुना वाडा दुरुस्त करून, सहकारी जेनिफर मॉयल यांच्यासह त्यांनी तिथेच प्रयोगशाळा थाटली. एवढ्या मोठ्या प्रवाहाविरुद्ध उभे राहणे सोपे नसते. पण त्यांची बाजू बळकट करणारा पहिला ठोस पुरावा श्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांकडून आलाच नाही. तो पालकाच्या पानातून आला, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतली ही सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट आहे.

१९६६ मध्ये आंद्रे जागेंडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या हरितलवकांमधल्या पटलाच्या चपट्या पिशव्या वेगळ्या केल्या आणि अंधारात आम्लाच्या द्रावणात ठेवल्या. द्रावणाचा सामू ४ होता. काही सेकंदांत आम्ल पिशव्यांच्या आतही पोहोचले. मग त्यांनी बाहेरच्या द्रावणाचा सामू एकदम ८ च्या आसपास नेला आणि त्यात एडीपी आणि फॉस्फेट घातले. क्षणभर अशी अवस्था आली की आत प्रोटॉन गच्च आणि बाहेर त्यांचा दुष्काळ. एटीपी तयार झाले, तेही संपूर्ण अंधारात. उजेडाचा एक किरणही न दाखवता प्रकाशसंश्लेषणाने एरवी होणारे काम नुसत्या प्रोटॉनच्या फरकाने करून दाखवले. प्रकाशाचे काम एटीपी बनवण्याचे नसून प्रोटॉन साठवण्याचे आहे, हे यातून उघड झाले. तो साठा दुसऱ्या कोणी करून दिला, तरी पानाच्या यंत्रणेला चालते.

श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण यांच्यातले हे साम्य निव्वळ योगायोगाचेही असू शकेल, असा आक्षेप यावर रास्तपणे घेता येतो. दोन वेगळ्या यंत्रणा एकाच उपायावर पोहोचल्या असतील. त्याला उत्तर देणारा प्रयोग १९७४ मध्ये एफ्रेम रॅकर आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी केला. त्यांनी सोयाबीनमधल्या स्निग्ध रेणूंचे सूक्ष्म बुडबुडे बनवले. त्यांत मिठागरासारख्या अतिखारट पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचे जांभळे प्रथिन बसवले. हे प्रथिन उजेड पडला की प्रोटॉन ढकलते, एवढेच त्याचे काम. त्याच बुडबुड्यांत गाईच्या हृदयातल्या तंतुकणिकांमधले एटीपी घडवणारे प्रथिन बसवले. उजेड पाडला आणि एटीपी तयार होऊ लागले. हृदयाच्या त्या प्रथिनाने आधी कधी उजेडाचा उपयोग केला नव्हता. प्रोटॉन कोण ढकलतो याच्याशी त्याला देणेघेणेच नाही. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, मिचेल यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

यंत्रणा बिघडली की काय होते, यातूनही तीच गोष्ट दिसते. १९३३ नंतर अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल हे वजन घटवण्याचे औषध म्हणून विकले गेले. ते पटलातून प्रोटॉन परस्पर आरपार नेते. अन्न जळत राहते, ऑक्सिजन खर्च होत राहतो, पण एटीपी पुरेसे बनत नाही. बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. वजन घटले, पण लोकांना मोतीबिंदू झाले आणि अंगातली उष्णता आवरता न आल्याने काहींचे प्राण गेले. १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. स्लेटर यांच्या संयुगाच्या कल्पनेतून या विषाचे काम सरळ उलगडत नव्हते. मिचेल यांच्या कल्पनेतून ते आपसूक उलगडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एटीपी पटलाशिवायही बनते. ग्लुकोजचे पहिले तुकडे होताना, पेशीच्या द्रवातच, दोन एटीपींचा निव्वळ फायदा होतो, आणि किण्वनावर जगणारे जीव तेवढ्यावर भागवतात. मग प्रोटॉनचा साठा अनिवार्य कसा? दह्यातले लॅक्टिक आम्लाचे जीवाणूच याचे उत्तर देतात. ते साखरेपासून पटलाविना एटीपी मिळवतात, आणि त्यातले काही मोडून तेच एटीपी घडवणारे प्रथिन उलटे चालवतात, म्हणजे एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलतात. पोषक द्रव्ये आत ओढायला आणि स्वतःच बनवलेल्या आम्लापासून वाचायला त्यांना हा साठा लागतोच. एटीपी दुसरीकडून मिळत असतानाही प्रोटॉनचा दाब टिकवावा लागतो, यावरून त्याचे स्थान किती मूळचे आहे ते कळते.

तरीही दोन्ही क्रिया तंतोतंत सारख्या आहेत असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. मँगेनीजच्या अणूंच्या मदतीने पाणी फोडणे ही फक्त प्रकाशसंश्लेषणाची करामत आहे. कार्बन डायऑक्साइडपासून साखर बांधण्याचा मार्ग आणि ती मोडण्याचा मार्गही वेगवेगळे आहेत. म्हणून मी सारखेपणाचा दावा ऊर्जा पकडण्याच्या टप्प्यापुरताच करतो. आणि तेवढ्यापुरता तो किती शब्दशः खरा आहे, हे नीलहरित जीवाणूंमध्ये दिसते, ज्यांच्या पूर्वजांपासून पुढे वनस्पतींची हरितलवके आली. त्यांच्यात हरितलवक वेगळे नाही आणि तंतुकणिकाही नाही. दिवसा पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन आणि रात्री साठवलेल्या साखरेतून सुटलेले इलेक्ट्रॉन एकाच पटलात, त्याच प्लास्टोक्विनोनच्या रेणूंवर आणि त्याच सायटोक्रोम प्रथिनसंचातून जातात, आणि साचलेले प्रोटॉन त्याच एटीपी घडवणाऱ्या प्रथिनातून परत येतात. फळ्यावरच्या दोन समीकरणांपैकी कोणते चालू आहे, हे पटलाच्या त्या भागाकडे नुसते पाहून सांगता येणार नाही.