पाणी घातलेले दूध आणि वाढवलेले दूध

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी किंवा मैलापूर यांसारख्या जुन्या वस्त्यांत दिवस उजाडतो तो दुधाच्या हिशेबाने. पहाटे दुधाच्या पिशव्या दाराशी येतात, आणि दूध चुलीवर चढण्यापूर्वीच गृहिणीच्या मनात त्याची वाटणी होऊन गेलेली असते : इतके कॉफीला, इतके मुलांना, इतके रात्रीच्या विरजणाला. दहीभातावाचून तेथील जेवण पुरे होत नाही. आणि सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन झाल्यापासून दक्षिणेत रुजलेल्या मराठी कुटुंबांनीही ही रीत आपलीशी केली आहे. महिनाअखेरीस मात्र वाटणी जुळेनाशी होते. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय हाताशीच असतो. तो म्हणजे पातेल्यात पाण्याचा एक पेला.

या उपायाने दूध वाढत नाही, केवळ पातेले भरते. दोनशे मिलिलिटरच्या पेलाभर दुधातून मुलाला सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात निम्मे पाणी असेल तर ती तीनच ग्रॅम मिळतात, आणि हाडांना लागणारा चुनाही निम्म्यावर येतो. मूल पेला रिकामा करते, आईला समाधान वाटते, आणि तूट कोणाच्या लक्षात येत नाही. गवळ्याने पाणी घातले तर त्याच्याशी भांडता तरी येते. स्वतःच्या घरात घातलेल्या पाण्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची?

पाण्याची ही भीती मद्रासला जुनीच आहे. तेथील प्रसिद्ध 'डिग्री कॉफी'च्या नावाची एक प्रचलित उपपत्ती अशी की, दुग्धमापकाच्या अंशांवर शुद्ध ठरलेले दूध ते 'डिग्रीचे दूध', आणि त्याची कॉफी ती डिग्री कॉफी. परंतु या मापकालाही चकवता येते. पाणी घातले की दुधाचे विशिष्ट गुरुत्व कमी होते. उलट साय काढून घेतली की ते वाढते. लबाड विक्रेत्याने आधी साय काढली आणि मग बेताने पाणी घातले, तर मापकाची नळी पूर्वीच्याच रेघेवर उभी राहते. म्हणून दुग्धशाळांमध्ये स्निग्धांशाची निराळी परीक्षा करावी लागते.

मग दूध प्रामाणिकपणे वाढवता येत नाही काय? येते, आणि ते कसे, हे १९४६ साली मुंबईत दारा खुरोडी यांनी दाखवून दिले. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो, शहरातील सामान्य माणसाच्या गरजेहून आणि ऐपतीहूनही अधिक. त्या दुधात पाणी मिसळावे, पण पाण्यामुळे प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार यांची जी तूट पडते ती साय काढलेल्या दुधाच्या भुकटीने भरून काढावी, अशी ही युक्ती. अशा दुधाला 'टोन्ड' हे नाव मिळाले, आणि पुढे हे दूध देशातील इतर शहरांतही पोहोचले. १९६३ साली खुरोडी यांना त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पारितोषिक देण्यात आले. तमिळनाडूत सहकारी संघाचे 'आविन' दूध घरोघर जाते, त्यातही टोन्ड दूध असतेच. या दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ असावेत असा नियम आहे. मलईयुक्त दुधात हेच प्रमाण ६ व ९ टक्के असते. म्हणजे टोन्ड दूध स्वस्त पडते ते चरबीच्या बचतीमुळे; प्रथिनांत ते फारसे उणे नाही.

हाच हिशेब घरातही मांडता येतो. एक किलो मलईयुक्त दुधात ६० ग्रॅम स्निग्धांश व ९० ग्रॅम इतर घनपदार्थ असतात. त्याचे दोन किलो टोन्ड दूध करायचे तर स्निग्धांश तेवढाच पुरतो, कारण दोन किलोंचे तीन टक्के म्हणजे ६० ग्रॅमच. इतर घनपदार्थ मात्र १७० ग्रॅम लागतात. उणे पडणारे ८० ग्रॅम सुमारे ८५ ग्रॅम भुकटीतून मिळतात. उरलेल्या ९१५ ग्रॅमच्या जागी पाणी. भुकटी उकळून कोमट केलेल्या पाण्यात आधी थोडी थोडी कालवावी, गुठळ्या मोडाव्यात आणि मगच ती दुधात मिसळून सर्व एकदा उकळावे. पिशवीवरील दूध मुळातच टोन्ड असेल तर हा प्रयोग करू नये. तेथे वाढवण्यासारखा जादा स्निग्धांश उरलेलाच नसतो. भुकटी घेतानाही पाकिटावरील मजकूर वाचावा. चहा-कॉफीसाठी मिळणाऱ्या अनेक भुकट्यांत साखर मिसळलेली असते; त्या येथे कामाच्या नाहीत. आणि भुकटी व मूळ दूध यांची किंमत बेरजेस धरून, बाजारच्या टोन्ड दुधापेक्षा हे खरोखर स्वस्त पडते की नाही, ते पाहावे. पुष्कळदा तयार टोन्ड दूध घेणेच परवडते.

खरी बचत मात्र मिसळण्यापेक्षा वाया न घालवण्यात आहे. चेन्नईच्या उन्हाळ्यात दूध झपाट्याने नासते. सकाळचे दूध एकदाच उकळून, पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावे व झाकून थंड जागी ठेवावे. संध्याकाळपर्यंत उरेल असे वाटले, तर ते नासण्याची वाट न पाहता कोमट असतानाच विरजावे. तेथील उष्म्यात काही तासांतच दही लागते. दुधावरची साय आठवडाभर साठवून विरजली की लोणी निघते, लोण्याचे तूप होते आणि वर ताक मिळते. दूध फाटलेच तर चोथ्याचा गोड पदार्थ करावा आणि निवळीत कणीक भिजवावी.

पाण्याला सन्मानाचे स्थान आहे ते ताकात. तमिळ सिद्ध वैद्यकाच्या एका जुन्या उपदेशात ताक पाणी घालून वाढवूनच प्यावे असे सांगितले आहे. आले, कढीपत्ता, हिंग व मीठ घातलेले पातळ 'नीर मोर' रामनवमीला घरोघर होते आणि उन्हाळ्यात पाणपोयांच्या मांडवांतून वाटसरूंनाही दिले जाते. वाटीभर दह्यात चार पेले तृप्त होतात, आणि कोणाची फसवणूक होत नाही. कारण ते ताक आहे हे पिणारा जाणतो. तेच आंबट झाले तर मराठी घरात त्याची कढी होते आणि तमिळ घरात 'मोर कुळंबू'.

काही ठिकाणी मात्र काटकसरीने हात आखडू नये. पहिले सहा महिने बाळाला आईचेच दूध हवे, आणि वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध त्याची जागा घेऊ शकत नाही. ते पातळ करून देणे तर नव्हेच. दोन वर्षांपर्यंतच्या लहानग्यांना चरबीची गरज असते. त्यांच्या वाट्याला मलईचे दूध ठेवावे. स्निग्धांशाबरोबर अ जीवनसत्त्वही कमी होते, म्हणून टोन्ड दूध घेताना अ व ड जीवनसत्त्वे घातल्याची नोंद पिशवीवर आहे का, हे पाहणे हिताचे. मोठ्यांच्या कॉफीत दूध थोडे कमी पडले तर फारसे बिघडत नाही.

१९९८ साली भारत जगातील सर्वांत मोठा दूध-उत्पादक देश झाला. तरीही देशाच्या दुधाची अखेरची वाटणी होते ती घराघरातील ओट्यावर. पाणी कोठे घालावे आणि कोठे घालू नये हे ज्या घराला कळले, त्या घरात थोडे दूधही पुरते, आणि मुलाच्या पेल्यात जे दिसते तेच त्याच्या पोटात जाते.