शर्यतीच्या खेळातील बरोबरी

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा पंचांचे पहिले काम निकाल देण्याचे नसते. ते जोड लावण्याचे असते. पैलवानाचे वजन, वय, अंगलोट, मागच्या कुस्त्या हे सारे पाहून तोलामोलाची जोड लावली, तर कुस्ती रंगते. जोड विषम लागली, तर निकाल आधीच ठरून जातो आणि पंचांनी शिटी कितीही निःपक्षपातीपणे वाजविली तरी त्या कुस्तीला न्याय्य म्हणवत नाही. आज आम्ही ज्या विषयाची चर्चा करणार आहोत, तो फडापासून फार दूरचा दिसेल. पण त्यातला प्रश्न नेमका हाच आहे. मोटारींच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये जे जुळवणीचे सामने होतात, त्यांत जोड बरोबरीची कशी लावावी?

प्रथम जुळवणी म्हणजे काय ते पाहू. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘ग्रान टुरिस्मो’ हा खेळ निघाला. काझुनोरी यामाउची आणि त्यांचे सहकारी यांनी त्यात खऱ्या मोटारींचे वजन, शक्ती आणि चाकांची पकड यांचे गणित मांडण्याचा प्रयत्न केला. २००५ मध्ये अमेरिकेत ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ हा त्याच वळणाचा खेळ आला. या खेळांत गाडी नुसती पळवावयाची नसते, ती लावावयाचीही असते. गवई मैफलीपूर्वी तंबोरा लावतो. तार तीच, भोपळा तोच, पण लावणाऱ्याच्या कानाप्रमाणे नाद पालटतो. तसेच येथे स्प्रिंगचा कडकपणा, चाकांचा कल, गिअरची प्रमाणे, ब्रेकच्या जोराची पुढच्या व मागच्या चाकांतील वाटणी, मागच्या पंखावरचा हवेचा दाब अशा गोष्टी खेळाडू आपल्या समजुतीप्रमाणे ठरवितो. यालाच आम्ही जुळवणी म्हणतो. ज्याची जुळवणी सरस, त्याला बक्षीस, असा हा सामना असतो.

आता एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे. शर्यतीत दोन गुणांची परीक्षा होऊ शकते. एक गाडी चालविणाऱ्याचा गुण, दुसरा गाडी लावणाऱ्याचा. पहिल्याची परीक्षा घ्यावयाची असेल, तर गाड्या समान केल्या पाहिजेत. २००६ पासून जीटी ३ वर्गाच्या खऱ्या शर्यतींत निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांची शक्ती व वजन संयोजकच कमीजास्त करून देतात. २०१७ च्या ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’ या खेळाने हीच पद्धत उचलली. अशा शर्यतीत गाडीची शक्ती व वजन खेळच ठरवितो आणि खेळाडूला जुळवणीला हात लावता येत नाही. ते योग्यच आहे. परंतु जुळवणीच्या सामन्यात हीच पद्धत आणली, तर ज्या गुणाची परीक्षा घ्यावयाची तोच गुण आपण बाहेर काढून टाकू. सर्व गाड्या सारख्याच पळू लागल्या, तर लावणाऱ्याचे कसब दिसणार कोठे? म्हणून जुळवणीच्या सामन्यात बरोबरी हवी ती साधनांची, मर्यादांची आणि कसोटीची, फळाची नव्हे.

साधनांची बरोबरी करण्यासाठी या खेळांनी एक सोय केलेली आहे. प्रत्येक गाडीला एक गुणांक दिलेला असतो. ‘फोर्झा होरायझन ५’ या २०२१ च्या खेळात ७०१ ते ८०० गुणांकाच्या गाड्या ‘ए’ वर्गात, ८०१ ते ९०० च्या ‘एस १’ वर्गात, अशी उतरंड आहे. ‘ग्रान टुरिस्मो’च्या अलीकडच्या आवृत्त्यांतही असाच गुणांक आहे. त्यामुळे नवख्या आयोजकास वाटते, ‘गुणांक ८०० च्या आत’ एवढी एक ओळ लिहिली की बरोबरी झाली. तशी ती होत नाही. आणि का होत नाही हे समजल्याशिवाय नियम करता येत नाहीत.

समजा, एक गाडी १५०० किलो वजनाची आणि ३०० अश्वशक्तीची आहे. दुसरी १००० किलोची आणि २०० अश्वशक्तीची. दर अश्वशक्तीमागे दोहींत ५ किलोच वजन पडते. कागदावर त्या समान. परंतु वेग वाढू लागला की हवेचा अडथळा वाढतो, आणि तो तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवावयाचा तर सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती हवी. या अडथळ्याला गाडीच्या वजनाशी कर्तव्य नसते. दोन्ही गाड्यांचा आकार हवेला सारखाच आडवा येत असेल, तर लहान गाडी जेथे ताशी २२० किलोमीटरवर थकेल, तेथे मोठी सुमारे २५० पर्यंत जाईल. उलट वळणावर हलकी गाडी सरस ठरते, कारण टायरवर भार जसजसा वाढतो, तसतशी पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे एकाच गुणांकाच्या दोन गाड्यांत कोणती पुढे जाईल, ते रस्ता ठरवितो.

म्हणूनच मैदान निवडणे हाही एक नियमच होय. जपानमधील त्सुकुबाचा रस्ता जेमतेम २ किलोमीटरांचा, वळणावळणांचा. फ्रान्समधील ल मान्सची फेरी १३.६ किलोमीटरांची, तिच्यातील सुमारे ६ किलोमीटरांचा सरळ पट्टा १९९० पासून दोन ठिकाणी वळसे घालून तोडला असला, तरी तेथे बलवान इंजिनाचेच राज्य चालते. एकट्या ल मान्सवर सामना ठेवणाऱ्या आयोजकाने नकळत इंजिनाला बक्षीस देऊन टाकलेले असते, आणि एकट्या त्सुकुबावर ठेवणाऱ्याने हलकेपणाला. दोन भिन्न प्रकृतींचे रस्ते घेऊन दोहींवर एकच जुळवणी चालवावयास सांगितली, म्हणजे लावणाऱ्यास खरा विचार करावा लागतो.

गुणांकात दुसरीही एक फट असते. जे मोजले जाते ते वाढविता येत नसेल, तर खेळाडू जे मोजले जात नाही ते वाढवितो. २०१० च्या ‘ग्रान टुरिस्मो ५’ मध्ये गुणांक मुख्यतः इंजिनाची कमाल शक्ती आणि गाडीचे वजन यांवरून निघे. चतुर खेळाडूंनी काय केले? इंजिन मर्यादेपेक्षा पुष्कळ वाढविले आणि शक्ती रोखणारे यंत्र लावून वरचे टोक छाटून टाकले. साध्या इंजिनाची शक्ती एका टोकाला क्षणभर ३०० ला पोचते आणि गिअर बदलताच खाली येते. छाटलेल्या इंजिनाची शक्ती मात्र ३०० वर सपाट राहते. कमाल आकडा दोहींचा एकच, पण पठार आणि सुळका यांत जो फरक, तोच त्या दोहींत. ‘फोर्झा’त भाग बदलले की गुणांक बदलतो, स्प्रिंग, कल, गिअर यांची नुसती जुळवणी बदलली तर तो तसाच राहतो. २०२२ च्या ‘ग्रान टुरिस्मो ७’ मध्ये जुळवणीही गुणांकात धरली जाते. पण तेथेही काही चमत्कारिक जुळवण्यांनी गुणांक घसरतो आणि गाडी मात्र मंदावत नाही, असे खेळाडूंनी शोधून काढलेच.

अशा खेळाडूंना लबाड म्हणावे काय? आमच्या मते नाही. नियमाच्या आत राहून वाट काढणे हे लावणाऱ्याचे कसबच आहे. परंतु ती वाट एकालाच ठाऊक असेल, तर सामना जुळवणीचा न राहता गुपिताचा होतो. म्हणून आयोजकाने गुणांकावर विसंबून न राहता कमाल अश्वशक्ती, किमान वजन आणि टायरची जात ही तीन बंधने वेगळी लिहावी, आणि शक्ती रोखणारे यंत्र चालेल की नाही ते स्पष्ट सांगावे. यांतले टायरचे बंधन सर्वांत महत्त्वाचे. कारण गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो टायरमधूनच, आणि मऊ टायर मिळाला की बाकीच्या जुळवणीचे दोष झाकले जातात.

नियम जाहीर करण्यापूर्वी आयोजकाने स्वतः पाचसहा गाड्या त्या मर्यादेत बसवून चालवून पाहाव्यात. एखादी गाडी फारच पुढे जात असेल, तर ती कोठे पुढे जाते हे फेरीचे तुकडे पाडून मोजावे. वळणावर व ब्रेक लावताना पुढे जात असेल, तर तिच्यावर वजन लादावे. सरळ पट्ट्यावर पुढे जात असेल, तर तिची शक्ती कमी करावी. वजनाने कमाल वेग फारसा घटत नाही, म्हणून सरळ पट्ट्याच्या दुखण्यावर वजन हे औषध नव्हे. आणि या दुरुस्त्या सामन्यापूर्वीच व्हाव्यात. जुळवण्या हाती आल्यावर नियम बदलणे म्हणजे कुस्ती लागल्यावर जोड बदलणे होय.

जिंकणाऱ्यावर पुढच्या वेळी वजन लादावे, असेही कोणी सुचवितात. पुण्या-मुंबईच्या घोड्यांच्या शर्यतींतील हँडिकॅप आपल्या परिचयाचा आहे. ब्रिटनमधील टूरिंग कारच्या अजिंक्यपद स्पर्धेतही २०२१ पर्यंत यशस्वी गाडीवर वजन चढविले जाई. त्याने चुरस वाढते हे खरे. परंतु ती चुरस प्रेक्षकांसाठी असते. जुळवणीच्या सामन्यात चांगल्या कामाबद्दल दंड करावयाचा, तर मग चांगले काम करावे तरी कशाला?

साधनांच्या बरोबरीत आणखी एक बाब येते, ती पैशाची व फुरसतीची. ‘ग्रान टुरिस्मो ७’ मध्ये गाड्या खेळातल्या चलनाने घ्याव्या लागतात. काहींची किंमत कोटीच्या वर आहे, आणि ते चलन खऱ्या पैशानेही विकत मिळते. अशी गाडी सामन्यात ठेवली, तर दिवसाकाठी तासभर खेळणारा शाळकरी मुलगा दाराबाहेरच राहतो. त्याला कोणी हरविलेले नसते. त्याला बोलाविलेलेच नसते. सर्वांना सहज मिळेल अशी स्वस्त, साधी गाडी निवडणे हा आमच्या दृष्टीने न्यायाचा पहिला नियम आहे. शिवाय साध्या गाडीतच लावणाऱ्याचा हात अधिक उठून दिसतो.

आता राहिली कसोटी. आपली जुळवणी आपणच चालवून वेळ नोंदवावयाची, अशी पद्धत ठेवली तर उत्तम चालक जिंकेल, उत्तम लावणारा जिंकेलच असे नाही. म्हणून जुळवण्या मुदतीत मागवून घ्याव्यात, नावे झाकून त्यांना खुणेची अक्षरे द्यावीत आणि त्या तिऱ्हाईत चालकांनी चालवाव्यात. चालक एकच नको. कारण एकाचा हात एका प्रकारच्या गाडीवर बसलेला असतो. आणि क्रमही एकच नको. कारण शेवटी येणाऱ्या गाडीला चालकाच्या सरावाचा फायदा मिळतो, किंवा त्याच्या थकव्याचा तोटा होतो.

या अडचणीवर शेतकीशास्त्राने तोड काढलेली आहे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात पिकांच्या प्रयोगांची शिस्त बसविली. शेताची एक बाजू कसदार असेल, तर तिचा लाभ एकाच बियाण्याला मिळू नये, म्हणून प्रत्येक बियाणे प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रांगेत एकेकदा पेरण्याची जी चौकट त्यांनी प्रचारात आणली, तीच येथे उपयोगी पडते. चार गाड्या आणि चार चालक असतील, तर पहिल्याने क, ख, ग, घ. दुसऱ्याने ख, घ, क, ग. तिसऱ्याने ग, क, घ, ख. आणि चौथ्याने घ, ग, ख, क या क्रमाने चालवावे. प्रत्येक गाडी प्रत्येक जागी एकदाच येते, आणि कोणतीही गाडी दुसऱ्या एखाद्या गाडीच्या लगोलग पाठीमागे एकाहून अधिक वेळा येत नाही. चालकांपैकी काहींनी स्टिअरिंग घ्यावे, काहींनी हातातला कंट्रोलर, हेही आधीच जाहीर करावे.

वेळ काढतानाही सावधगिरी हवी. समजा, पाच फेऱ्यांना ६३.८, ६३.५, ६३.६, ६६.९ आणि ६३.७ सेकंद लागले. चौथ्या फेरीत गाडी घसरली. सरासरी ६४.३ येते, पण त्या वेळेच्या जवळपास एकही फेरी झालेली नाही. वेळा चढत्या क्रमाने लावून मधली घेतली, तर ६३.७ येते आणि ती खरी वाटते. मात्र घसरण अगदीच विसरू नये. तीच गाडी चारही चालकांच्या हाती घसरत असेल, तर दोष चालकांचा नसून जुळवणीचा आहे. म्हणून घसरणीची नोंद वेगळी ठेवून तिचे गुण वेगळे कापावेत. आणि दोन गाड्यांतील अंतर एकाच चालकाच्या दोन फेऱ्यांतील अंतराहून कमी असेल, तर त्यांना बरोबरीत सोडावे. एक दशांश सेकंदावर पहिला-दुसरा ठरविण्याचा हट्ट दिसायला काटेकोर असतो, पण तो काट्यापेक्षा अधिक बारीक तोलण्याचा हट्ट आहे.

निकालानंतर आयोजकाचे एक काम उरते, आणि ते बहुधा राहून जाते. सर्व जुळवण्या, सर्व फेऱ्यांच्या वेळा आणि चालकांचे अभिप्राय सर्वांपुढे ठेवावेत. हरलेल्याने विजेत्याची गाडी स्वतः चालवून पाहिली, की त्याला उमगते: माझी स्प्रिंग कडक होती, म्हणून चाक उसळत होते, माझा शेवटचा गिअर फार लांब होता, म्हणून पट्टा संपेपर्यंत गाडी उठतच नव्हती. असा मनुष्य पुढच्या सामन्याला पुन्हा येतो. ज्याला आपण का हरलो ते कळले नाही, तो एक तर नशिबाला बोल लावतो किंवा आयोजकाला, आणि हळूहळू येईनासा होतो. हे सामने खेळाडूंच्या हौसेवर चालतात. दहातले चार रुसून गेले, तर सामनाच उरत नाही. म्हणून नियम लिहिताना आयोजकाने विजेत्याचा विचार कमी करावा. शेवटच्या क्रमांकावर येणाऱ्याने ते वाचून ‘ठीक आहे, पुढच्या वेळी पाहू’ असे म्हणावे, इतके ते स्वच्छ असले म्हणजे पुरे.