पातळ तळाचे जोडे व धांवणारीं पावलें

कोपरींत अलीकडे पहांटे धांवणारांची संख्या पुष्कळच वाढली आहे. घरोघरचे मुलगे, मुली, सुना आणि क्वचित् आजोबाही उजाडण्यापूर्वीं बाहेर पडतात. हा उद्योग स्तुत्यच होय. मात्र त्यांपैकीं कांहींनीं जाड गादीचे जोडे टाकून पातळ तळाचे जोडे एका दिवसांत पायांत चढविलेले आम्ही पाहतों, तेव्हां त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांशीं दोन शब्द बोलणें अवश्य वाटतें.

अनवाणी धांवण्याची थोरवी आम्हांस मान्य आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ सालीं अनवाणी धांवणारे शेतकऱ्यांचे मुलगे पाहून अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांचे मनांत ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याचा विचार आला. पुढच्याच वर्षीं अँटवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. १९६० सालीं रोम येथें इथिओपियाच्या अबेबे बिकिलानें तर अनवाणीच सुवर्णपदक मिळविलें. (चार वर्षांनीं टोकियोस त्यानें तेंच पदक जोडे घालून जिंकलें, हें अनवाणीपणाचे कैवारी सहसा सांगत नाहींत!) परंतु त्या शेतकरी मुलांचीं पावलें बाळपणापासून ढेकळांवर घडलेलीं; आमच्या मुलांच्या पायांत बालवर्गापासून बूट.

जाड जोड्यांत टाच चवड्याहून बहुधा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. ती उंची गेली कीं पोटरीवर व तिला टाचेशीं जोडणाऱ्या कंडरेवर अधिक ताण येतो, आणि पावलाच्या लांब हाडांसही अधिक भार सोसावा लागतो. स्नायु कांहीं आठवड्यांत सरावतात. हाड मात्र नवा भार पडतांच आधीं जुना अंश झिजवितें व मग नवा भरतें. त्या भरणीस महिने लागतात. मधल्या काळांत दम उत्तम, उत्साह दांडगा आणि हाड दुबळें, अशी स्थिति असते. अमेरिकेंतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या २०१३ सालच्या प्रयोगांत पातळ जोड्यांकडे क्रमाक्रमानें वळलेल्या १९ अनुभवी धांवपटूंपैकीं १० जणांच्या पायांच्या हाडांत, दहाच आठवड्यांत, आंतून सूज आढळली. यावरून दहा आठवडेही थोडेच समजावे.

प्रथम महिनाभर हे जोडे घालून केवळ चालावें, बाजारहाट करावी. पायरीच्या कडेस चवड्यांवर उभें राहून टाचा उचलाव्या व सावकाश खालीं न्याव्या. पोटरीस याहून स्वस्त व्यायाम नाहीं. नंतर एक दिवसाआड, पाय ताजे असतांना, पांच मिनिटें धांवून उरलेलें अंतर जुन्या जोड्यांनीं पुरें करावें. पावलें आंखूड टाकावीं. मात्र हट्टानें चवड्यांवरच धांवूं नये, टाच हलकेच टेकूं द्यावी. पोटऱ्या भरून येणें साहजिक आहे. परंतु पावलाच्या हाडावर एका बोटानें दाखवितां येईल अशा जागीं दुखूं लागलें, कीं धांवणें त्याच दिवशीं थांबवून डॉक्टरांस दाखवावें.

पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांतून अनवाणी जाणें तर सर्वथा वर्ज्य. लेप्टोस्पायरोसिसचे जंतु पायाच्या बारीकशा जखमेंतूनही शिरतात. आणि घरांत कोणी मधुमेही असेल तर त्यानें हा प्रयोग वैद्यकीय सल्ल्यावांचून करूंच नये. तळव्यांची संवेदना मंद झालेली असल्यास कांच रुतल्याचेंही कळत नाहीं.