मोटारीतील बटणांची बाराखडी

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या बटणांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु चालकासमोरचा तो फलक, ज्याला आपण सर्वजण 'डॅशबोर्ड' म्हणतो, ही माझ्या मते एक लिपीच आहे. आणि लिपी हा आपल्याच शाखेचा विषय नव्हे काय?

ही लिपी चित्रांची आहे. मोटारी देशोदेशी विकल्या जातात. म्हणून शब्दांऐवजी सर्वत्र सारख्या खुणा असाव्यात, यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने २५७५ क्रमांकाचे मानक केले आहे. दिव्यांच्या रंगांनाही अर्थ आहे. तांबडा म्हणजे धोका. पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या. हिरवा किंवा निळा म्हणजे अमुक एक गोष्ट चालू आहे. भाषा न जाणणाऱ्यालाही कळावी अशी ही योजना. पण कोणतीही लिपी कोणीतरी शिकविल्याखेरीज वाचता येत नाही, हे मात्र योजनाकारांच्या हाती नव्हते.

माझे वडील चौथी शिकलेले असून बावीस वर्षे दुसऱ्याच्या मोटारीवर चालक आहेत. गेल्या वर्षी मालकांनी स्वयंचलित वातानुकूलनाची नवी गाडी घेतली. तिची माहितीपुस्तिका इंग्रजीत. "बटणं कळत नाहीत तर गाडी कशाला चालवता?" असे एक प्रवासी त्यांना बोलले. नोकरीचा प्रश्न होता. मग तीन रविवार आम्ही दोघांनी पुस्तिका समोर ठेवून एकेक बटण समजून घेतले. त्यातून जे कळले ते येथे देतो.

मोटारीतील शीतयंत्र जुनेच आहे. १९४० सालच्या पॅकार्ड मोटारीत ते कारखान्यातच बसवून मिळू लागले. तापमान आपोआप राखणारी व्यवस्था मात्र १९६४ सालच्या कॅडिलॅक मोटारीत आली. दोहोंत फरक काय? साध्या गाडीत आपण खटका फिरवून हवा थंड-गरम करतो आणि पंख्याचा वेग ठरवितो. स्वयंचलित गाडीत आपण फक्त हवे ते तापमान सांगतो, समजा २४ अंश. मग एक संवेदक आतली हवा मोजतो, दुसरा बाहेरची, आणि काचेजवळचा तिसरा ऊन मोजतो. त्यांच्या निरोपावरून यंत्र पंखा आणि हवेची दिशा बदलत राहते.

पण नेमके २४ अंश साधतात कसे? हवा प्रथम थंड नळ्यांवरून जाते. नंतर तिचा काही भाग, पेट्रोल-डिझेलच्या गाडीत, इंजिनाच्या गरम पाण्याने तापलेल्या नळ्यांवरून नेतात. किती भाग न्यायचा ते एक छोटी झडप ठरविते. मी हे वाचून दाखविताच वडील म्हणाले, "म्हणजे हे विसणच की रे!" कढत पाण्यात विसण घालून अंगाला सोसेल असे पाणी करावे, तसेच हे, फक्त हात घालून पाहण्याचे काम संवेदक करतो. याहून चांगली व्याख्या मला पुस्तिकेत सापडली नाही.

यावरून एक गैरसमज दूर होतो. उन्हात तापलेल्या गाडीत आकडा १८ वर नेला म्हणजे ती लवकर गार होते, असे पुष्कळांना वाटते. आकडा हा मुक्काम आहे, वेग नव्हे. २४ सांगितले तरी यंत्र आरंभी पूर्ण जोरानेच चालते. त्याऐवजी आधी दोन मिनिटे काचा उघडून गरम हवा घालवावी, हे उत्तम.

काही बटणांवर तर जीव अवलंबून असतो. मोटारीच्या चित्रात वळलेला बाण असेल, तर आतलीच हवा फिरत राहते. गारवा लवकर येतो, धूळ-धूर कमी शिरतो. पण तासन् तास तसेच ठेवल्यास श्वासांनी हवा कोंदट होते आणि चालकाला सुस्ती येते. पंख्याच्या आकाराची काच आणि वर जाणारे नागमोडी बाण, ही पुढच्या काचेवरची वाफ घालविण्याची खूण. चौकोनी काच असेल तर ती मागची. पावसाळ्यात घाटात वाफ आतून धरली, तर शीतयंत्र चालू ठेवून बाहेरची कोरडी केलेली हवा काचेवर सोडावी. पण काच फार गार झाल्याने बाहेरून दव धरले असेल, तर वायपर फिरवावा आणि काचेवरची थंड हवा कमी करावी. तांबड्या त्रिकोणाचे बटण गाडी बंद पडल्याचे सांगण्यासाठी आहे. चौकात 'सरळ जातो' म्हणून ते दाबले, तर मागच्याला काहीच अर्थबोध होत नाही.

आता अनेक गाड्यांत बटणे जाऊन काचेचा पडदा आला आहे. बटण बोटाला न पाहता सापडते. पडद्याकडे मात्र पाहावेच लागते, आणि तेवढा वेळ रस्त्यावरची नजर सुटते. युरोपातील 'युरो एनकॅप' या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०२६ पासून सर्वोच्च गुणांकनासाठी हॉर्न, वायपर, वळणाचे दिवे अशा मूलभूत गोष्टींना प्रत्यक्ष बटणे वा खटके अपेक्षिले आहेत, ते याच कारणाने.

साक्षरता म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हे. ज्या खुणांवर माणसाची भाकरी आणि प्रवाशांचे प्राण अवलंबून आहेत, त्याही वाचता आल्या पाहिजेत. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात या खुणांचा सोप्या मराठीत एक तक्ता करून प्रत्येक मोटारतळावर लावता येईल. चित्रे तयारच आहेत. शब्द तेवढे आपण द्यायचे आहेत.